फायबर घरापर्यंत उत्तम, संगणकापर्यंत मात्र आपले आपण

साताऱ्याच्या जुन्या पेठांत आता जवळजवळ प्रत्येक गल्लीत विजेच्या खांबांवरून दोन-तीन कंपन्यांच्या फायबरच्या काळ्या वायरी गेलेल्या दिसतात. त्यांपैकी एका स्थानिक सेवेची जोडणी मी घरच्या डेस्कटॉप संगणकासाठी घेतली आणि गेले काही महिने ती वापरत आहे. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीची सेवा एका पेठेत चोख आणि दुसऱ्या पेठेत रडतखडत चालते. सारे काही त्या भागातील ऑपरेटर आणि त्याच्या माणसांवर अवलंबून असते. माझे काम करसल्लागाराचे आहे. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे भरताना जोडणी बंद पडून चालत नाही आणि हे काम मोबाइलवर करण्यासारखेही नाही. त्यामुळे ‘नेट आले’ एवढ्यावर माझे समाधान होणार नव्हते. ते टेबलावरच्या संगणकात नीट आले का, हाच माझा निकष होता.

नोंदणी सुटसुटीत होती. आधार कार्ड आणि वीजबिलाची प्रत दिली, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला, एवढ्यात काम झाले. २०० एमबीपीएसच्या योजनेचे महिन्याला ५९९ रुपये सांगितले गेले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ७०६ रुपये ८२ पैसे होतात. ही दुसरी रक्कम कोणीही आपणहून सांगत नाही, ती विचारावी लागते. राउटर ‘मोफत’ असल्याचे सांगतात, पण तो मालकीचा होत नाही, जोडणी बंद केल्यावर परत करावा लागतो; अर्जात तसे बारीक अक्षरांत छापलेले असते. वर्षभराचे पैसे एकदम भरल्यास सवलत होती. मी सहा महिन्यांचेच भरले आणि पक्के बिल मागून घेतले. जीएसटी क्रमांक असलेल्या व्यावसायिकाने हे बिल सोडू नये. त्यावरचा कर वजावटीस मिळू शकतो.

वायर ओढण्याचे आणि जोडण्याचे काम मात्र पाहत राहावे असे झाले. गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक छोटा डबा आहे. त्यात ऑपरेटरकडून आलेला एक धागा ‘स्प्लिटर’मधून अनेक घरांसाठी विभागला जातो, आणि या विभागणीला वीज लागत नाही. तेथून आमच्या गॅलरीपर्यंत वायर आणल्यावर तंत्रज्ञाने तिचे काळे आवरण सोलले, आतला केसासारखा काचेचा धागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, छोट्या यंत्राने त्याचे टोक सरळ कापले आणि त्यावर हिरवा कनेक्टर बसवला. मग मीटर लावून त्याने धाग्यातून येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा आकडा दाखवला: उणे २१ डीबीएम. अशा जोडणीत हा आकडा उणे २७ च्या पलीकडे घसरू लागला की राउटरवरचा ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लुकलुकू लागण्याची वेळ जवळ आली असे समजावे. प्रत्येक ग्राहकाने हा आकडा विचारून लिहून ठेवावा. पुढे वेग मंदावला, तर दोष वायरीत आहे की दुसरीकडे, हे त्यावरून ताबडतोब कळते. दारामागे वायर काटकोनात दाबून खिळे ठोकू न देता तिला ऐसपैस वळण द्यायलाही सांगावे, कारण धागा तीव्र वाकला की त्यातला प्रकाश बाहेर निसटतो.

येथपर्यंत पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. त्यानंतर तंत्रज्ञाने स्वतःच्या मोबाइलवर वेग मोजून दाखवला, पडद्यावर दोनशेच्या आसपासचा आकडा आला, आणि तो पिशवी आवरू लागला. संगणकाचे काय, असे विचारताच तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, “साहेब, नेट चालू झालंय. कॉम्प्युटरचं तुम्ही कुणाकडून तरी बघून घ्या, ते आमच्याकडे येत नाही.” माझी खरी तक्रार हीच आहे. जाहिरातीत डेस्कटॉपपुढे बसलेले कुटुंब दाखवायचे आणि प्रत्यक्षात राउटरचा हिरवा दिवा लागला की काम संपले असे मानायचे, हे पटण्यासारखे नाही.

बहुतेक असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये वायफाय नसते. दुकानदार त्यावर यूएसबीचा छोटा डोंगल घ्यायला सुचवतात, पण स्वस्त डोंगल वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात आणि त्यांच्या खोक्यावर छापलेला वेग हातात कधीच पडत नाही. आमच्या घराच्या भिंती दगडी, हातभर जाडीच्या आहेत. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांतून धड पलीकडे जात नाहीत. त्यामुळे राउटर गॅलरीजवळ आणि संगणक आतल्या खोलीत असताना लॅनची वायर टाकणे हाच खरा उपाय होता. बराच आग्रह केल्यावर तंत्रज्ञाने वायर टाकून दिली आणि दोन्ही टोकांना क्लिपा बसवल्या. नेट लागले, परंतु संगणकावर वेग ९४ एमबीपीएसच्या वर जाईना.

कारण पाहण्यासारखे होते. वायरीत आठ तारा असतात. त्याने त्यांपैकी चारच क्लिपेत बसवल्या होत्या, बाकीच्या चार कापून मागे वळवल्या होत्या. चार तारांवर नेट चालते हे खरेच आहे, पण ते १०० एमबीपीएसपर्यंतच. त्यापुढे जायचे, तर आठही तारा ठरलेल्या क्रमाने बसाव्या लागतात: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिपा पुन्हा मारून घेतल्यावरही आकडा हलला नाही, कारण राउटरच्या मागच्या चार पोर्टपैकी एकच गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसपर्यंतचा, होता आणि वायर दुसऱ्यात खोचलेली होती. स्वस्त राउटरमध्ये हा प्रकार सर्रास आढळतो. पोर्ट बदलताच विंडोजच्या इथरनेटच्या पानावर ‘लिंक स्पीड’ १०००/१००० दिसू लागला आणि योजनेचा पूर्ण वेग मिळाला. दोनशेची योजना विकणाऱ्या सेवेने शंभरावर अडकलेली जोडणी ‘पूर्ण’ म्हणून नोंदवणे हे माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोठे उणे आहे. बहुतेक घरांत ते कोणाच्या लक्षातही येत नसेल.

ज्यांच्याकडे आधी गच्चीवरच्या स्विचमधून (अनेक घरांना नेट वाटणाऱ्या विजेवरच्या यंत्रातून) येणारी जुनी केबल-जोडणी होती, त्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. त्या काळी ऑपरेटर संगणकात आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमध्ये संगणक ओळखण्याचा क्रमांक, हाताने टाकून देत. तो तसाच राहिला, तर नव्या राउटरशी संगणकाचे जमत नाही. तेथे पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय निवडावा. पर्याय निवडूनही पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर संगणकाला राउटरकडून काही मिळालेले नाही असे समजावे आणि आधी वायर तपासावी. दुसरी गोष्ट जुन्या ‘डायलर’ची. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड टाकून रोज नेट लावण्याची ती खिडकी आता लागत नाही, कारण ‘पीपीपीओई’ नावाच्या लॉगिन-पद्धतीचे ते नाव आणि पासवर्ड राउटरमध्येच भरलेले असतात. ते दोन्ही मात्र मागून घ्यावेत. राउटर कधी मूळ स्थितीत आणावा लागला, तर त्यांच्यावाचून सुटीच्या दिवशी हात चोळत बसावे लागते. राउटरच्या पानाचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ असाच ठेवून जाण्याची पद्धत येथेही दिसली. तो त्याच दिवशी बदलावा.

वेगाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण ओळखीतले अनेक जण त्यावरून कंपनीशी भांडतात. २०० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. फाइल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट दिसले, की वेग पूर्ण आहे. सरकारी व्याख्येनुसार २०२३ पासून किमान २ एमबीपीएसच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणतात, त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केल्यानंतरची मोडेमची किरकिर आणि अडकलेला फोन ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे आकडे ऐकून गंमत वाटेल.

एक मर्यादा नोंदणीच्या वेळी सांगितली गेली नाही. या सेवेत घराला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. अनेक ग्राहक एकाच पत्त्याआड असतात. रोजच्या वापरात त्याने अडत नाही. मात्र कार्यालयातून घरच्या संगणकात थेट शिरण्याची किंवा जुन्या प्रकारच्या कॅमेऱ्याचे चित्र बाहेरून पाहण्याची सोय हवी असेल, तर वेगळे पैसे भरून स्वतंत्र पत्ता घ्यावा लागतो. काही संकेतस्थळे अधूनमधून ‘मी रोबो नाही’ अशी खूण करायला लावतात, त्याचेही एक कारण हा सामाईक पत्ता असू शकते.

पावसाळ्यात ही जोडणी जुन्यापेक्षा फार उजवी ठरली. पूर्वी वळवाच्या पावसात विजा कडाडल्या, की गच्चीवरच्या तांब्याच्या वायरीतून येणाऱ्या झटक्याने संगणकाचा लॅन पोर्ट जळत असे. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे ती भीती गेली. शिवाय वाटेत विजेवर चालणारा स्विच नसल्याने शेजारच्या गच्चीवरची वीज गेली म्हणून आपले नेट जात नाही. ऑपरेटरच्या केंद्रात बॅटरी आहे. घरी राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला, की वीज गेल्यावरही मोबाइलवर काम चालते. डेस्कटॉपला अर्थात स्वतःचा यूपीएस हवाच.

तक्रार निवारण मध्यम आहे. फोन उचलतात, गोड बोलतात, पण माणूस केव्हा येईल ते नक्की सांगत नाहीत. तोंडी तक्रारीवर विसंबू नये. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट (नोंद) क्रमांक मागावा, कारण २०१२ च्या ग्राहक तक्रार नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे, तर तो लागतो. दूरसंचार नियामक प्राधिकरण एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः हाताळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सहा महिन्यांची मुदत संपताना मी हीच सेवा पुढे चालू ठेवणार आहे, कारण विवरणपत्रांच्या तारखांना तिने आजवर दगा दिलेला नाही. ज्यांना घरी डेस्कटॉपवर काम करायचे आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. मात्र जोडणी पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी मोबाइलवरचा नव्हे, तर वायरीने जोडलेल्या आपल्या संगणकावरचा वेग मोजून दाखवायला सांगावा.