माजी तोफचीच्या मनगटावर जीपीएस घड्याळ : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

घाई असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. रोज पळत असाल आणि आकड्यांची हौस असेल तर मध्यम किमतीचं जीपीएस घड्याळ खुशाल घ्या. नुसता फेरफटका मारत असाल तर पैसे वाचवा, खिशातला फोन पुरतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक या जातीच्या सगळ्याच घड्याळांना लागू आहे.

मी तोफखान्यात टीए होतो, म्हणजे टेक्निकल असिस्टंट. १९८१ ला भरती, नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये ट्रेनिंग, १९९८ ला हवालदार म्हणून पेन्शनवर. फौजी म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला : "काका, कुठल्या युद्धात होतात?" एकाही नाही. १९७१ नंतर दहा वर्षांनी गेलो आणि कारगिलच्या एक वर्ष आधी घरी आलो. ब्रासटॅक्स या फौजेच्या मोठ्या युद्धसरावाच्या वेळी, १९८६-८७ च्या हिवाळ्यात, राजस्थानच्या वाळूत तोफा लावून बसलो होतो, तेवढंच. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि मग तोच मला चहा पाजून माझं सांत्वन करतो. मला त्याचं काही वाटत नाही. सतरा वर्षं मी दोनच कामं केली, तोफेचं गणित आणि दौड, आणि दोन्ही मनापासून आवडायची.

दौड म्हणजे बीपीईटीची, फौजेतल्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीची. पाठीवर पिठ्ठू म्हणजे सामानाची पिशवी, हातात रायफल, पायात बूट आणि ५ किलोमीटर. तिशीच्या आतल्या जवानानं २५ मिनिटांत पूर्ण केलं तर एक्सलंट. घड्याळ एकच, उस्तादाच्या, म्हणजे प्रशिक्षकाच्या, गळ्यातलं. तो सांगेल ती वेळ, त्यावर अपील नाही. बाकीचे परीक्षेपुरते पळायचे. मी रविवारी सुट्टी असतानाही पहाटे निघायचो, त्यावरून लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या भोजनगृहात, भरपूर ऐकूनही घेतलं. पेन्शनवर आलो तरी सवय गेली नाही. नाशिक रोडहून विहितगाव, तिथून लॅम रोडनं देवळाली कॅम्प आणि परत, हा माझा मार्ग बरीच वर्षं तोच आहे. हातात साधं डिजिटल घड्याळ असायचं. ते बंद पडलं तेव्हा सूनबाईनं हे आणून दिलं.

आता गणिताचं. तोफखान्यात वर्तुळाचे ३६० अंश नसतात, ६४०० मिल असतात. १ किलोमीटरवर १ मिलची चूक झाली की गोळा साधारण १ मीटर बाजूला पडतो, १५ किलोमीटरवर १५ मीटर. शिवाय वारा, हवेचा दाब, तोफेच्या दारूगोळ्याचं तापमान, नळीची झीज, सगळ्याची दुरुस्ती धरावी लागते. असं काम केलेला माणूस नव्या उपकरणावर लगेच विश्वास ठेवत नाही. आधी त्याचं रजिस्ट्रेशन करतो, म्हणजे माहीत असलेल्या ठिकाणावर चालवून ते किती चुकतं ते बघतो. मी घड्याळ घेऊन मैदानावरच्या ४०० मीटरच्या पट्ट्यावर गेलो आणि आतल्या लेनमधून दहा फेऱ्या मारल्या. ४००० मीटरऐवजी घड्याळानं ४.११ किलोमीटर दाखवले. वळणावर हे उपकरण गोंधळतं, कारण ते ठरावीक वेळानं जागा टिपतं आणि मधलं अंतर रेघ ओढून जोडतं, शिवाय प्रत्येक जागा दोन-चार मीटर इकडेतिकडे असतेच. सरळ रस्त्यावर चूक फारच कमी. लॅम रोडच्या झाडीत थोडं भरकटतं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ उड्डाणपुलाखालून पळालो तर मात्र नकाशावर मी दोनदा शेजारच्या इमारतींतून गेलेलो दिसतो! वर काँक्रीट असलं की उपग्रह दिसणार कुठून? उपग्रहांच्या दोन फ्रीक्वेन्सी पकडणारी घड्याळं यात बरी असतात, पण महाग. निघण्याआधी उघड्यावर मिनिटभर थांबून उपग्रह पकडू दिले की निम्मी तक्रार मिटते. लोक दारातून बाहेर पडतानाच बटण दाबतात आणि मग अंतर चुकलं म्हणून ओरडतात.

हृदयाच्या ठोक्यांचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा असतो. तो कातडीत प्रकाश टाकतो आणि परत आलेल्या प्रकाशातल्या चढउतारावरून रक्ताची लाट मोजतो. डिसेंबरच्या पहाटे देवळालीत हात गारठलेले असतात, मनगटात रक्त कमी येतं. मग घड्याळ ठोक्यांऐवजी पावलांचे हादरे मोजायला लागतं. मी आरामात पळतोय, श्वास नाकानं चाललाय, आणि ते दाखवतंय १७२. थांबून मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजले, चारनं गुणले, १२८ आले. उपाय सोपा आहे. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, जरा घट्ट बांधायचं आणि थंडीत वरून पूर्ण बाहीचा टी-शर्ट. त्यानंतर फरक थोडाच राहिला. डॉक्टरांनी ठोक्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं असेल तर मात्र छातीचा पट्टा वेगळा घ्या, मनगटावर विसंबू नका.

दुसरं, २२० वजा वय हे सूत्र घड्याळात आधीच भरलेलं असतं. माझं वय ६३, म्हणजे कमाल १५७. पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला लागलो की घड्याळ थरथरून धोक्याची सूचना द्यायचं. हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसाला ते चांगलं दहा-पंधरा ठोक्यांनी चुकू शकतं. माझी टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, झाली तेव्हा डॉक्टरांच्या देखत १६८ पर्यंत गेलो होतो. तो आकडा सेटिंगमध्ये भरला आणि थरथर थांबली.

अंजनेरीचा डोंगर चढून आलो त्या संध्याकाळी घड्याळ म्हणालं, ७२ तास विश्रांती घ्या. रात्री दोन ते चारची संतरी ड्युटी करून सहाला पीटीच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे कोण सांगतंय! झोपेचे गुणही रोज देतं, ते मी बंद करून टाकलेत.

तक्रारी आहेतच. पट्ट्याखाली घामानं पुरळ आलं, कापडी पट्टा घातल्यावर गेलं. चार्जिंगच्या पिना पावसाळ्यात काळ्या पडल्या. सर्व्हिस सेंटरवाल्यानं "पाणी गेलंय" म्हणून हात वर केले, आणि खोक्यावर तर ५० मीटर खोल पाण्याचा दावा छापलाय. शेवटी जुन्या टूथब्रशनं घासून चालू केलं. मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसतात.

या सगळ्यात पैसे कशानं वसूल झाले, तर उजवीकडच्या खालच्या बटणानं. लॅप बटण, म्हणजे प्रत्येक फेरीची वेळ वेगळी टिपणारं. नुसत्या टचचं घड्याळ घेऊ नका, नाशिकच्या पावसात ओलं बोट त्याला कळत नाही. मैदानावर फौजेच्या भरतीची तयारी करणारी पोरं असतात, पेठ-हरसूलकडची बरीच. सावरपाड्याची कविता राऊत त्याच भागातली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुलमध्ये १० हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य. तिकडच्या पोरांना दम शिकवावा लागत नाही, पेस, म्हणजे वेग सारखा ठेवणं, शिकवावा लागतो. भरतीला १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आलं की पूर्ण ६० गुण. म्हणजे चार फेऱ्या, प्रत्येकी साडेब्याऐंशी सेकंद. पोरं पहिली फेरी ७० सेकंदांत मारतात आणि तिसरीत त्यांचे पाय दगड होतात. मी कडेला उभा राहून प्रत्येक फेरीला बटण दाबतो आणि सेकंद ओरडून सांगतो. इथे जीपीएसचं कामच नाही, रेघ ओलांडली की बटण. नंतर फेऱ्यांचा तक्ता त्यांना स्क्रीनवर दाखवतो. उस्तादानं आम्हाला असा तक्ता कधी दाखवला नव्हता.

त्यातल्या एकाचा परवाचा हिशेब ८२, ८४, ८५, ८१. एकूण ५:३२. दोन सेकंदांसाठी तो म्हणाला, "काका, पहिली ८० ला मारू का?" मी म्हटलं, पहिलीला हात लावू नको, तिसरी सुधार.