निंबोळी अर्काची बाटली: माव्याला ठीक, बोंडअळीला नाही

परभणीच्या मोंढ्यातून 1500 पीपीएमची (दहा लाख भागांत 1500 भाग ॲझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं किडीवर चालणारं द्रव्य) निंबोळी अर्काची बाटली आणली, लिटरला 480 पडले. दुकानाचं नाव घेत नाही, पण आधी दिलेली बाटली जुन्या तारखेची निघाली, खाली गाळ बसलेला, भांडल्यावर बदलून दिली. ह्यातलं ॲझाडिरॅक्टिन उन्हात अन गरमीत खराब होतं, म्हणून तारीख बघूनच घ्या अन फवारा पण दिवस कलल्यावरच.

कापसावर मारली तर दुसऱ्या दिवशी मावा (पानाचा रस शोषणारे बारीक किडे) तसाच, म्हणलं गेले पैसे! पण हे झटक्यात मारणारं औषध नाहीच, किडा खाणं सोडतो, पिल्लांची कात नीट निघत नाही, सहाव्या दिवशी माव्यानं पानावर सोडलेला चिकटा बराच कमी दिसला. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीला मात्र काही नाही, ती आत बसून निवांत सरकी खायली. त्या सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतंय, कोंबड्यांना जास्त झालं तर त्रास होतो, हिला ढिम्म फरक नाही.

पुढच्या बारीला घरचाच 5 टक्के अर्क करणार, 5 किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळून 100 लिटर करायचं (नीट गाळा, नोझल तुंबतो). 1995 च्या एका प्रयोगात माव्याच्या 40 पिढ्यांवर नुसतं शुद्ध ॲझाडिरॅक्टिन वापरलं तर तो त्या औषधाला 9 पट चिवट झाला, अख्ख्या निंबोळीच्या अर्कावरचा नाही झाला, त्यात बरीच संयुगं एकत्र असतेत ना.

बाटलीला 5 पैकी 3. हाताचा वास दोन दिवस जात नाही.