हायड्रोजनवरची मिराई तीन वर्षं चालवून: गाडीला पैकीच्या पैकी, पंप काठावर पास

लीज पुढच्या महिन्यात संपतेय म्हणून लिहायला बसलो, कारण इथे कॅलिफोर्नियातल्या बे एरियात आपल्या मराठी ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतंच की हायड्रोजनची गाडी घेऊ का. माझ्याकडे टोयोटा मिराई आहे, दुसऱ्या पिढीची, रोज ऑफिसला हीच नेतो.

आधी गाडीबद्दल. चालवायला एकदम लोणी. तशी ती इलेक्ट्रिकच, फक्त वीज गाडीतच तयार होते, म्हणजे टाकीतला हायड्रोजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन फ्युएल सेलमध्ये एकत्र येतात, वीज मोटरकडे जाते आणि उरतं ते पाणी. ३३० सेल एकावर एक रचलेला संच, म्हणजे स्टॅक, १२८ किलोवॅट, तीन टाक्यांत मिळून साडेपाच किलोच्या वर गॅस, तोही ७०० बारला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ ७०० पट दाबाने भरलेला. स्टिअरिंगजवळ एच-टू-ओ लिहिलेलं एक बटण आहे, ते दाबलं की साठलेलं पाणी गाडीखाली सोडलं जातं. गॅरेज ओलं नको म्हणून मी ते बाहेर रस्त्यावरच सोडतो आणि माझी लेक दर वेळी उकिडवी बसून बघते, काळ्या डांबरावर ती छोटीशी धार, ना वास ना धूर. पुण्यात स्वारगेटला बसच्या धुरात नाकाला रुमाल लावून मोठा झालोय मी, मला ते बघून अजूनही भरून येतं.

आणि हे एकट्या कंपनीचं काम नाही हो. कॅलिफोर्नियात १९९९ ला फ्युएल सेल पार्टनरशिप सुरू झाली, त्यात हवेचं प्रदूषण बघणारं राज्याचं एअर रिसोर्सेस बोर्ड, फोर्ड, डेमलर क्रायसलर, सेल बनवणारी बॅलार्ड आणि वर तेल कंपन्या, सगळे एका टेबलावर. एरवी एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे लोक गाड्या, पंप, सेफ्टी यावर एकत्र काम करत होते. टोयोटाने तर जानेवारी २०१५ मध्ये फ्युएल सेलची ५,६८० पेटंट्स इतरांना फुकट वापरायला खुली केली. बीएमडब्ल्यूबरोबर त्यांचं २०१३ पासून जमलंय.

आता पंप. नोझल लावलं की पाच मिनिटांत टाकी फुल, हे खरंय, फक्त पंप चालू असला तर. गॅस उणे ४० पर्यंत थंड करून भरतात, त्यामुळे ओळीने तीन-चार गाड्या भरल्या की नोझलवर पांढरं बर्फ धरतं आणि ते गाडीलाच चिकटून बसतं. एकदा रात्री नऊ वाजता मी दहा मिनिटं तसाच उभा, ओढून निघेना, शेवटी मागच्या गाडीतल्या आजोबांनी त्यांच्या बाटलीतलं पाणी ओतायला दिलं तेव्हा सुटलं. शिवाय पंप पुन्हा प्रेशर धरेपर्यंत पुढच्या माणसाने थांबायचं. पंप चालू आहे की बंद ते फोनवर दिसतं, ती सोय त्याच पार्टनरशिपने केलीय, आणि खरं सांगतो, मी सकाळी उठून हवामान नाही, ते बघतो. २०२४ च्या फेब्रुवारीत एका मोठ्या तेल कंपनीने इथले गाड्यांचे पंप कायमचे बंद केले, आमच्या बाजूची रांग तेव्हापासून वाढली ती वाढलीच.

भाव तर विचारूच नका. किलोला ३६ डॉलरपर्यंत गेलाय, म्हणजे टाकी भरायला जवळजवळ २०० डॉलर. मला गाडीबरोबर कंपनीचं १५,००० डॉलरचं फ्युएल कार्ड, म्हणजे तेवढ्या रकमेचा हायड्रोजन भरायचं कार्ड, मिळालं म्हणून निभावलं. सेकंडहँड मिराई आता मातीमोल भावात दिसते, पण कार्ड नसेल तर त्या स्वस्ताईला भुलू नका. आणि इथला बराच हायड्रोजन नैसर्गिक वायूपासूनच बनतो, सरकारी मदतीच्या पंपांवर साधारण तिसरा हिस्सा तरी हरित स्रोतांतून हवा असा नियम आहे. धार स्वच्छ आहे, पण मागे जिथे गॅस बनतो तिथे धूर आहेच, हे मी लेकीलाही सांगितलंय.

मला वाटतं ही टेक्नॉलॉजी मोठ्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांची आहे. संध्याकाळी डेपोत परत येणाऱ्या बसला एकच पंप पुरतो, तो नीट सांभाळला की झालं. पुण्यात पाषाणच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि गाड्यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केपीआयटी कंपनीने मिळून २०२० ला हायड्रोजनच्या गाडीची चाचणी घेतली, १० किलोवॅटचा भारतातच बनवलेला सेल, आणि ऑगस्ट २०२२ ला बस आणली, तेव्हा बाबांनी पेपरचं कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. ती बस स्वारगेटला रोज लागलेली मला बघायचीय.

मी स्वतः पुढची गाडी बॅटरीवाली घेतोय, मन जड आहे पण घेतोय. तुम्हाला मिराई घ्यायचीच असेल तर घरापासून दहा मैलांत दोन पंप आहेत का बघा, आणि सही करायच्या आधी महिनाभर रोज सकाळी ते दोन्ही चालू आहेत का ते फोनवर तपासा.