आयव्हीएफ क्लिनिक निवडताना: आकडा कशापैकी, खर्च कुठपर्यंत

आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची, दोन माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली आहेत असं धरा. एकावर ‘यशाचं प्रमाण 60 टक्के’, दुसऱ्यावर ‘25 टक्के’. बहुतेक जण पहिल्याकडे वळतील. गंमत अशी, की ही दोन्ही पत्रकं एकाच क्लिनिकची असू शकतात आणि दोन्हींत खोटं काहीही नसेल.

समजण्यापुरते आकडे घेऊ. 100 जणींनी बीजं वाढवण्याची इंजेक्शनं सुरू केली. दहा जणींच्या फॉलिकल्सनी, म्हणजे बीज वाढतं त्या अंडाशयातल्या पिशव्यांनी, दादच दिली नाही, सायकल (उपचाराची फेरी) थांबवावी लागली. 90 जणींची स्त्रीबीजं काढली, म्हणजे पिकअप झालं. त्यातल्या 60 जणींकडे गर्भाशयात सोडण्याजोगा गर्भ तयार झाला. 36 जणींची रक्तातली बीटा-एचसीजी ही गर्भधारणेची तपासणी पॉझिटिव्ह आली, 30 जणींच्या सोनोग्राफीत ठोके दिसले आणि 25 जणी बाळ घेऊन घरी गेल्या. आता 36 भागिले 60 केलं तर 60 टक्के. 25 भागिले 100 केलं तर 25. पहिल्या आकड्यात ज्यांचा ट्रान्सफरच, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणंच, झाला नाही त्या 40 जणी गायब आहेत, आणि पॉझिटिव्ह येऊनही ज्यांची गर्भधारणा टिकली नाही त्या 11 जणी यशात मोडल्या आहेत.

म्हणून क्लिनिकची तुलना करताना पहिला प्रश्न एकच: हा आकडा कशापैकी? सायकल सुरू केलेल्यांपैकी, पिकअप झालेल्यांपैकी की ट्रान्सफर झालेल्यांपैकी? आणि यश म्हणजे रिपोर्ट की बाळ? दुसरा प्रश्न वयाचा. स्वतःची स्त्रीबीजं वापरायची असतील तर वयाइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. तुम्ही 39 वर्षांच्या असाल तर 30 वर्षांच्या बायकांचा आकडा तुमच्या कामाचा नाही. दात्या स्त्रीची बीजं वापरलेल्या सायकली त्याच आकड्यात मिसळल्या असतील तर तो आणखी फुगतो. शिवाय अवघड केस घ्यायचीच नाही असं धोरण असलेल्या ठिकाणचे आकडे देखणेच असणार. ब्रिटनमध्ये ह्यूमन फर्टिलायझेशन अँड एम्ब्रियॉलॉजी अथॉरिटी ही सरकारी संस्था प्रत्येक क्लिनिकचे निकाल जाहीर करते. अशी सोय जिथे नाही तिथे तुमच्या वयोगटाचे आकडे लेखी मागा. उत्तर ‘तुमचं नक्की होईल हो’ असं आलं तर ते उत्तर नाही.

आययूआय की थेट आयव्हीएफ?

आययूआयमध्ये वीर्य प्रयोगशाळेत धुऊन चांगले शुक्रजंतू गर्भाशयात सोडतात. बाकी सगळं शरीराने करायचं. त्यामुळे निदान एक गर्भनलिका मोकळी असणं आणि शुक्रजंतूंची संख्या-हालचाल बऱ्यापैकी असणं या दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. भूल नाही, पिकअप नाही, खर्च आयव्हीएफच्या मानाने बराच कमी. पण प्रत्येक खेपेला यशही बरंच कमी. आयव्हीएफमध्ये स्त्रीबीजं बाहेर काढून फलन प्रयोगशाळेत होतं, म्हणून नलिका बंद असल्या तरी चालतं.

नळ्या तपासल्या नाहीत, वीर्य तपासणी झालेली नाही आणि आययूआय सुरू, असं कुठे होत असेल तर तिथून उठावं. उलट टोकही तितकंच वाईट: वय कमी, नळ्या मोकळ्या, फक्त पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडामुळे बीज वेळेवर बाहेर पडत नाही, आणि पहिल्याच भेटीत आयव्हीएफचं पॅकेज पुढ्यात. अशा वेळी आधी गोळ्या देऊन बघतात. त्यातही पीसीओएसमध्ये लेट्रोझोल जुन्या क्लोमिफेनपेक्षा सरस ठरतं, हे 2014 सालच्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. चाळिशी जवळ आली असेल तर मात्र आययूआयच्या एकामागून एक खेपा करण्यात पैशांपेक्षा मोलाचे महिने जातात.

एएमएच या रक्ततपासणीबद्दल एक. तो कमी आला म्हणून ‘आता शेवटची संधी’ असं घाबरवलं जातं. औषधांना किती बीजं येतील याचा अंदाज एएमएच देतो. बीजांच्या दर्जाबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

इक्सी, फ्रीजिंग आणि बिलात वाढत जाणाऱ्या ओळी

साध्या आयव्हीएफमध्ये बीज आणि शुक्रजंतू एकत्र ठेवतात, इक्सीमध्ये एकच शुक्रजंतू सुईने बीजात सोडतात. 1992 मध्ये या पद्धतीने झालेल्या गर्भधारणा पहिल्यांदा जाहीर झाल्या आणि ज्या पुरुषांत शुक्रजंतू फारच कमी त्यांच्यासाठी मोठा मार्ग खुला झाला. आज मात्र अनेक ठिकाणी सरसकट सगळ्यांनाच इक्सी करतात. वीर्याचा रिपोर्ट चांगला असताना इक्सीने बाळ होण्याचं प्रमाण वाढतं असं दिसलेलं नाही, पैसे मात्र वाढतात. ‘आमच्या केसमध्ये कशासाठी?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ताजा ट्रान्सफर की गोठवून नंतर? पीसीओएसमध्ये भरपूर फॉलिकल्स वाढली असतील तर सगळे गर्भ गोठवणं शहाणपणाचं, कारण ओएचएसएसचा, म्हणजे अंडाशय सुजून पोटात पाणी साठण्याचा धोका त्याने कमी होतो. पाळी नियमित असलेल्या स्त्रीला सरसकट गोठवण्याचा खास फायदा आढळलेला नाही. आणि गोठवलं की फ्रीजिंगचे, साठवणुकीचे आणि पुढच्या ट्रान्सफरचे असे तीन वेगळे खर्च लागतात.

गर्भ एक सोडायचा की दोन? एकाच खर्चात जुळं म्हणून दोन मागणारी जोडपी असतात आणि हो म्हणणारी क्लिनिकंही. जुळ्यांत मुदतपूर्व प्रसूतीचा धोका बराच वाढतो, आणि नवजात अतिदक्षता विभागाचं बिल कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं. चांगला गर्भ असताना एकच सोडून बाकीचे गोठवायला सांगणाऱ्या क्लिनिकला मी झुकतं माप देईन.

मग येतात जोडकामं: गर्भाशयाचं अस्तर खरवडणं, गर्भाची जनुकीय तपासणी, इम्युनिटीची सलाइनं. अस्तर खरवडण्याचं उदाहरण बोलकं आहे. वर्षानुवर्षं ते केलं गेलं. 2019 मध्ये तेराशेहून जास्त स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली आणि खरवडलं काय, न खरवडलं काय, बाळं सारख्याच प्रमाणात झाली. पीजीटी-ए ही गुणसूत्रांची तपासणी गर्भ सुधारत नाही, असलेल्यांतून निवडते. हाताशी दोनच गर्भ असतील तर निवडायचं काय?

पॅकेज विरुद्ध सुटं बिल

सुटं बिल भीतीदायक दिसतं आणि पॅकेज सुटसुटीत. पण पॅकेजची जाहिरात बघून निर्णय घेण्याआधी त्यात काय नाही ते वाचा. बहुधा नसतात ती इंजेक्शनं, आणि तिथेच खरा फरक पडतो. डोस माणसागणिक बदलतो: एकीला रोज 150 युनिट पुरतात, दुसरीला 300 लागतात, साधारण आठ ते बारा दिवस. म्हणजे तेच पॅकेज घेऊन एकीचं औषधाचं बिल दुसरीच्या दुप्पट. इंजेक्शनांतही मूत्रापासून शुद्ध केलेली आणि प्रयोगशाळेत बनवलेली असे दोन प्रकार आहेत. बाळ होण्याच्या प्रमाणात त्यांच्यात विशेष फरक दिसत नाही, किमतीत असू शकतो. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

भूल, इक्सी, गर्भ ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे पाच-सहा दिवसांचा होईपर्यंत वाढवणं, फ्रीजिंग, दर वर्षाची साठवणूक, नंतरचा ट्रान्सफर, रक्ततपासण्या, सोनोग्राफी यांतलं काय आत, काय बाहेर हे लिहून घ्या. सायकल पिकअपआधीच थांबली तर किती परत मिळणार, हेही. ‘बाळ झालं नाही तर पैसे परत’ या योजनांत सहसा ज्यांची शक्यता मुळात चांगली त्यांनाच घेतात. पहिल्याच खेपेला जमलं तर तुम्ही एका सायकलचे जास्त पैसे मोजलेले असतात.

तुलना करायची ती सायकलच्या दराची नको. एका पिकअपमधून मिळालेले सगळे गर्भ वापरेपर्यंत किती खर्च होईल आणि तोवर बाळ होण्याची शक्यता किती, ही जोडी दोन्ही क्लिनिकना विचारा. स्वस्त सायकल दोनदा करावी लागली तर ती महागच पडते.

मोठी साखळी की एका डॉक्टरचं क्लिनिक?

साखळीत प्रयोगशाळा रविवारीही चालू असण्याची शक्यता जास्त, पण दर भेटीला नवा डॉक्टर आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून. छोट्या ठिकाणी डॉक्टर तुम्हाला नावाने ओळखतात. मात्र काही छोटी क्लिनिकं रुग्णांचे गट करून ठरावीक तारखांनाच पिकअप ठेवतात आणि एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ सांभाळणारा तज्ज्ञ, त्या दिवसांपुरता बाहेरून येतो. तुमची फॉलिकल्स त्या तारखेपर्यंत थांबवावी लागतात किंवा घाई करावी लागते. एम्ब्रियॉलॉजिस्ट पूर्णवेळ आहे का, किती वर्षांपासून आहे, हे बाहेरच्या सोफ्यांपेक्षा महत्त्वाचं.

सायकल संपल्यावर प्रयोगशाळेची शीट मागून घ्या: किती बीजं निघाली, किती परिपक्व, किती फलित, कितव्या दिवशी कुठल्या ग्रेडचे गर्भ. बारा बीजांतून नऊ-दहा परिपक्व, त्यातली सहा-सात फलित आणि शेवटी तीनेक ब्लास्टोसिस्ट, अशी गळती सर्वसाधारण आहे. गळती नेमकी कुठल्या पायरीवर जास्त झाली हे त्या शीटवर कळतं, आणि क्लिनिक बदलायचं ठरलं तर नवा डॉक्टर सगळ्यात आधी तीच मागतो. ती द्यायला पहिलं क्लिनिक तयार आहे का, हे पैसे भरण्याआधीच विचारलेलं बरं.