वाय-फाय दुरुस्तीच्या नावाखाली लॅपटॉपमधलं चांगलं कार्डच काढून घेतलं

वाय-फाय सारखं तुटतं म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला देणार असाल, तर आधी आतल्या वाय-फाय कार्डाचं नाव आणि त्याचा फिजिकल अ‍ॅड्रेस, म्हणजे प्रत्येक कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक (यालाच मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात), लिहून ठेवा. माझ्या लॅपटॉपमधलं चांगलं कार्ड काढून जुनं, हलकं कार्ड बसवलं आणि वर माझ्याकडून नव्या कार्डाचे पैसे घेतले. हे उघडकीला आलं ते फक्त त्या अ‍ॅड्रेसमुळे.

तक्रार अशी होती की वाय-फाय जोडलं जायचं, थोडा वेळ नीट चालायचं आणि मध्येच तुटायचं. त्याच राउटरवर फोन व्यवस्थित चालत होते. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून त्याचं इंटरनेट वापरलं, तेव्हाही काही अडचण आली नाही. म्हणजे दोष एक तर वाय-फाय कार्डात, नाही तर त्याच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) किंवा अँटेनाच्या तारांत होता. लॅपटॉप दुरुस्तीला दिला. नंतर फोन आला, "मॅडम, कार्ड जळालंय, नवीन टाकावं लागेल." मी हो म्हणाले.

लॅपटॉप परत आल्यावर राउटरने त्याला जोडून घेतलं नाही. आमच्या राउटरवर मॅक फिल्टर लावलेला आहे, म्हणजे यादीत ज्यांचा अ‍ॅड्रेस आहे त्याच उपकरणांना प्रवेश मिळतो. नवं कार्ड, म्हणून नवा अ‍ॅड्रेस, यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. तो यादीत घातल्यावर इंटरनेट सुरू झालं. पण राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं, म्हणजे जास्त वेगाचं, वेगळ्या नावाचं नेटवर्क, ज्यावर हा लॅपटॉप रोज असायचा, ते दिसेचना. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' (netsh wlan show drivers) ही कमांड दिली. तिच्यात कार्डाला कोणते रेडिओ प्रकार चालतात त्याची एक ओळ येते. तिथे ८०२.११ बी, जी आणि एन, म्हणजे वाय-फायच्या जुन्या पिढ्या, एवढंच होतं. माझं मूळ कार्ड ८०२.११ एएक्सचं, म्हणजे वाय-फाय ६ चं होतं. नव्या म्हणून बसवलेल्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झ येतच नव्हतं.

मी माझं जुनं कार्ड परत मागितलं. एका पिशवीत घालून एक कार्ड मिळालं. अशा कार्डांच्या लेबलवर बहुतेक वेळा मॅक अ‍ॅड्रेस छापलेला असतो, बारा अंक-अक्षरांचा. राउटरच्या यादीत माझ्या लॅपटॉपचा जुना अ‍ॅड्रेस अजून होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि चित्र स्पष्ट झालं. पिशवीतलं 'जळालेलं' कार्ड माझं नव्हतंच.

विचारल्यावर उत्तर आलं, "विंडोज अपडेट झालं की तो नंबर बदलतो." हे खोटं आहे, आणि इतक्या ठामपणे सांगितलं जातं की कुणालाही पटावं. तो अ‍ॅड्रेस कार्ड बनवतानाच त्यात घातलेला असतो आणि त्याच्या पहिल्या सहा अंक-अक्षरांवरून बनवणारी कंपनीही ओळखता येते. विंडोजमध्ये बदलता अ‍ॅड्रेस दाखवण्याची एक सोय आहे खरी, पण ती आपण चालू केल्याशिवाय चालू नसते. माझ्याकडे ती बंद होती. आणि ती चालू असती तरी कार्डावर छापलेलं लेबल कसं बदलेल?

राउटरच्या यादीचे आणि लेबलचे फोटो दाखवून लेखी तक्रार करणार असल्याचं सांगितलं, तेव्हा माझं कार्ड 'सापडलं'. ते पुन्हा बसवल्यावर राउटरने जुन्याच नोंदीवर लगेच जोडून घेतलं. जळालेलं कार्ड असं चालत नाही. मधेच तुटण्याचा त्रास मात्र तसाच होता. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर फुकट उतरवून टाकला आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपच्या भागांची यादी दाखवणाऱ्या खिडकीत) त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढली. त्यानंतर वाय-फाय तुटलेलं नाही. कार्डाचे पैसे परत मिळाले, मजुरी मिळाली नाही.

मला सर्वांत जास्त चीड याची येते की ही चोरी सहसा कळतच नाही. हलक्या कार्डावरही इंटरनेट चालतं. वेग कमी वाटला तर माणूस राउटरला किंवा इंटरनेट कंपनीला दोष देतो. परीक्षेसाठी ऑनलाइन बसणारी मुलं, घरून काम करणारी माणसं महिनोन् महिने अडखळत राहतात आणि त्यांना कारण कळत नाही. आमच्याकडे फिल्टर नसता आणि ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वेगळ्या नावाचं नसतं, तर मलाही कळलं नसतं.

म्हणून लॅपटॉप देण्यापूर्वी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' (ipconfig /all) ही कमांड देऊन वायरलेस कार्डाचं नाव आणि फिजिकल अ‍ॅड्रेस यांचा फोटो काढा. वाय-फाय जोडलं जाऊन तुटत असेल, तर कार्ड निदान जिवंत आहे. खरंच जळालेलं कार्ड बहुधा डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतच नाही. काही पातळ लॅपटॉपांत वाय-फायची चिप मदरबोर्डवरच डाखलेली असते, त्यांत सुटं कार्ड नसतंच. तिथे कुणी कार्ड बदलल्याचं सांगितलं तर तिथल्या तिथे उघडून दाखवायला लावा. लॅपटॉप परत घेताना राउटरजवळ बसूनही सिग्नल कमजोर दिसला तर कार्डाला जोडलेल्या दोन बारीक अँटेना तारांपैकी एक सैल राहिली असण्याची शक्यता असते, तेही तपासून घ्या. आणि लॅपटॉप देतानाच कार्डाचं नाव व अ‍ॅड्रेस पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला कुणी तयार नसेल तर लॅपटॉप तिथे ठेवू नका.