मंगळवार पेठ की शिवाजी पेठ?

कोल्हापुरात अंबाबाई, भवानी मंडप, न्यू पॅलेस उरकलं आणि अजून एक सकाळ हाताशी असेल, तर पेठेत शिरावं. कुठल्या, एवढंच ठरवायचं. दोन्ही देवळापासून चालत जाण्याजोग्या, दोन्हीकडे तालमी, दोन्हीकडे फुटबॉलचं खूळ.

बघायच्या जागा मोजल्या तर मंगळवार पेठ सरस, हे कबूल. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं खासबाग हे कुस्तीचं मैदान, त्याला लागूनच १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह (ऑगस्ट २०२४ च्या आगीत होरपळलेलं). पुढे साठमारी, म्हणजे हत्तीच्या खेळाचं मैदान. इथं पूर्वी पिसाळलेल्या हत्तीला डिवचायचं आणि तो अंगावर आला की दगडी बुरुजात सटकायचं. वाट माणसापुरती, हत्ती बाहेरच. हे बुरूज जवळून बघावेतच.

पण इथला मिरजकर तिकटीचा चौक! बिंदू चौकातला वाहनतळ भरला की उरलेल्या गाड्या इकडं सरकतात. शनिवार-रविवार तर आहेतच, वर मंगळवार-शुक्रवार हे देवीचे वार. शाहू स्टेडियमवर सामना असला तर विचारूच नका. इथली ठिकाणं मोठ्या रस्त्यांवर असल्यानं एकाकडून दुसऱ्याकडं जाताना पेठ दिसतच नाही, दिसतात त्या गाड्यांच्या काचा. माझं मत फिरलं ते इथंच.

शिवाजी पेठेत ठिकाणं कमी, पण गल्ल्या आहेत. निवृत्ती चौकातल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून निघा, उभा मारुती चौक, मग संध्यामठ गल्लीनं थेट रंकाळा तलाव. रमतगमत तासभर. मोबाइलचा नकाशा बोळात नेऊन सोडतो, कारण इथं पत्ता गल्लीच्या नावावर कमी आणि तालमीवर जास्त चालतो. तेव्हा ‘अमुक तालमीकडं कसं जायचं?’ असंच विचारा. सांगणारा बहुधा चार पावलं सोबत येतो. तालमीत डोकवायचं तर सकाळी लवकर, दुपारी कुलूप असतं. चपला उंबऱ्याबाहेर, आणि हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, पाय अजिबात टाकायचा नाही. त्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं, आणि पैलवानांसाठी ती देवाच्या जागी. फोटो विचारून काढा. फुटबॉलवर बोला, पण समोरच्या पेठेच्या संघाचं कौतुक जरा बेतानं.

तरीही घरात कुस्तीवेडं कुणी असेल तर खासबागच गाठा, तिथं माझा आग्रह नाही. आणि भर पावसाळ्यात शिवाजी पेठेचा हात थोडा आखडतो: रंकाळा भरला की त्यातली संध्यामठ ही दगडी वास्तू पाण्यात जाते, आणि गांधी मैदान मुळात वरुणतीर्थ तळं असल्यानं तिथंही पाणी साचतं. मार्च ते मे पाणी उतरलेलं असतं. सकाळी सातच्या आत निघा, नऊनंतर ऊन आणि शाळेच्या रिक्षा दोन्ही वाढतात.