मोटरहोममधला गॅसचा फ्रिज काढून घरगुती फ्रिज: उन्हाळा, पावसाळा आणि घाट झाल्यावरचा अनुभव

निकाल आधी सांगतो. कोल्हापुरात ठेवलेल्या आणि सारखी कोकणात उतरणाऱ्या गाडीसाठी हा बदल नक्की करावा. पण नवीन फ्रिज हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. कस लागतो तो तीन ठिकाणी: फ्रिजच्या मागच्या हवेला वाट देताना, दरवाजाला कडी बसवताना आणि बॅटरीचा हिशेब मांडताना. यातलं एकही काम कच्चं राहिलं तर जुना फ्रिजच बरा होता असं म्हणायची वेळ येते.

जुना फ्रिज अ‍ॅब्सॉर्प्शन प्रकारचा होता. गॅस, २३० व्होल्ट किंवा १२ व्होल्ट, तिन्हींवर चालणारा. यात कॉम्प्रेसर नसतो. बर्नर किंवा हीटर अमोनिया-पाण्याचं द्रावण तापवतो, अमोनियाची वाफ वर जाऊन थंड होते, द्रव झालेला अमोनिया हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा उडतो आणि उडताना आतली उष्णता ओढून घेतो. द्रव खाली परततो तो फक्त स्वतःच्या वजनाने. म्हणून गाडी जवळजवळ सपाट उभी लागते. आडवा कल तीन अंशांपुढे गेला की काम बिघडतं. पन्हाळ्यावर किंवा आंबा घाटाच्या आसपास अशी सपाट जागा शोधून बघा, म्हणजे अडचण कळेल. कललेल्या गाडीत तो तासन्‌तास चालू राहिला तर द्रावण बॉयलरकडे परतत नाही, बॉयलर अति तापतो, आतलं गंजरोधक रसायन साकळून नळी चोंदते आणि युनिट कायमचं जातं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. असा फ्रिज साधारणपणे भोवतालच्या हवेपेक्षा २० ते २५ अंश खाली उतरतो. एप्रिलमध्ये उन्हात बंद उभ्या गाडीत पारा ४० च्या वर सहज जातो. मग फ्रिजच्या आत १५-१७ अंश. दूध नासायला तेवढे पुरेत. १२ व्होल्टवर तो १० ते १४ अँपिअर सलग ओढतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये त्या वेळी थर्मोस्टॅट कामच करत नाही, त्यामुळे ती सोय फक्त इंजिन चालू असतानाची.

त्याचं श्रेयही त्याला दिलं पाहिजे. गॅसवर तो दिवसाला २५० ते ४०० ग्रॅम गॅस घेतो, म्हणजे ५ किलोच्या सिलेंडरवर दोन आठवडे निघतात, तेही जराही आवाज न करता. पावसाळ्यात दाजीपूरच्या बाजूला आठवडाभर एकाच जागी गाडी लावून राहणाऱ्यांनी तो काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काढण्याचं काम. सिलेंडर बंद करून गाडीबाहेर ठेवायचा, लाइनमधला उरलेला गॅस शेगडीवर जाळून टाकायचा, मग फ्रिजकडे जाणारा फ्लेअर जोड (नळीचं तोंड फुलवून नटाने आवळलेला) दोन पान्यांनी सोडवायचा. एकाच पान्याने पिळलं तर तांब्याची नळी मुरगळते. नुसता कॉक बंद करून भागत नाही. उघड्या तोंडावर पितळी डमी प्लग घट्ट बसवायचा आणि साबणाच्या पाण्याने बुडबुडे तपासायचे. जुना फ्रिज भंगारात देताना त्याच्या मागच्या नळ्या कापू नका असं भंगारवाल्याला बजावून सांगा. आत दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन असतो आणि गंजरोधक म्हणून घातलेलं क्रोमेट विषारी असतं. मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर तो फ्रिज आधीच गळतोय. खिडक्या-दारं उघडा आणि मगच हात लावा.

नवीन फ्रिज निवडताना रुंदीपेक्षा खोली जास्त नडते. जुने फ्रिज ५२-५३ सेंमी रुंद आणि ५५ च्या आसपास खोल असतात. १८०-१९० लिटरचा सिंगल डोअर ५३ ते ५५ सेंमी रुंद आणि ६२ ते ६६ सेंमी खोल असतो, शिवाय मागे ५ सेंमी हवा लागते. म्हणजे दरवाजा मधल्या वाटेत १२-१५ सेंमी पुढे येणार, हे धरूनच माप घ्या. गाडीच्या दारातून फ्रिज आत जातो का तेही बघा. बहुतेक वेळा फ्रिजचा दरवाजा बिजागऱ्यांवरून काढावा लागतो. जागा कमी असेल तर ९०-१०० लिटरचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या. हॉटेलच्या खोलीत असतात ते 'मिनी बार' मात्र नीट तपासून घ्या, त्यातले पुष्कळ स्वतःच अ‍ॅब्सॉर्प्शनचे असतात.

फ्रॉस्ट फ्री (बर्फ आपोआप वितळवणारा) नको, डायरेक्ट कूलच (बर्फ आपण वितळवावा लागतो तो) घ्या. फ्रॉस्ट फ्रीमध्ये पंखा असतो आणि बर्फ वितळवणारा शंभर-दीडशे वॅटचा हीटर मधूनमधून लागतो. कॉम्प्रेसर इन्व्हर्टर प्रकारचाच हवा. साधा कॉम्प्रेसर चालताना ८०-१०० वॅट घेत असला तरी सुरू होताना क्षणभर आठ-दहा पट करंट ओढतो आणि बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करणारा छोटा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो. दुकानात आणखी एक गोष्ट करा: फ्रिज अर्धा तास चालू ठेवायला सांगून दोन्ही बाजूंना हात लावा. बाजू तापल्या तर त्याचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या, बाजूच्या पत्र्याआड आहे. असा फ्रिज प्लायच्या घट्ट कप्प्यात कोंडला तर कॉम्प्रेसर थांबणारच नाही. मागे काळी जाळी असलेला मिळाला तर तो घ्या, कारण गाडीच्या भिंतीतले जुने दोन व्हेंट (हवेचे झरोके) त्याच्या आयतेच उपयोगी पडतात.

या व्हेंटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आम्ही पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या बदलांचं मूळ इथेच होतं. काही जण फ्रिज बदलला की दोन्ही व्हेंट सिलिकॉनने बंद करून टाकतात. मग जाळीची उष्णता कप्प्यात कोंडते, फ्रिज आत गार आणि बाहेर गरम अशी स्वतःशीच झुंज घेत राहतो आणि बॅटरी रात्री दोनला संपते. दोन्ही व्हेंट उघडेच ठेवायचे. खालून हवा आत, वरून बाहेर. वरच्या व्हेंटला १२० मिमीचा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा आणि त्याला ४० अंशांवर चालू होणारा थर्मल स्विच जोडा. पंखा दोन-तीन वॅटच घेतो, पण उन्हाळ्यात कॉम्प्रेसरचा चालण्याचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका उतरतो. जाळी आणि भिंत यांच्यात मोकळी जागा जास्त असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची आडभिंत घाला, नाहीतर हवा जाळीला न शिवताच वर निघून जाते.

खालचा व्हेंट बंद न करण्याला आणखी एक कारण आहे. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये थंड करणारा वायू म्हणून आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. प्रमाण थोडं, ३० ते ५० ग्रॅम, पण तो ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड. गळालाच तर खाली साचतो आणि खालच्या व्हेंटमधून बाहेर पडतो. फ्रिजचा मागचा भाग आणि गाडीची आतली बाजू यांच्यात मात्र फोमची पट्टी लावून फट बुजवा. नाहीतर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ आणि कारखान्याची काजळी थेट आत येते. व्हेंटला बाहेरून खाली झुकलेल्या पट्ट्यांचं लुवर आणि आतून बारीक जाळी हवी. गगनबावड्याच्या तिरप्या पावसात साध्या जाळीतून पाणी आत येतं आणि तिथे २३० व्होल्टची जोडणी असते.

बसवणी. फ्रिजचे पाय काढून खाली १० मिमी रबर, चारी बाजूंनी २५ × २५ × ३ मिमीचा अँगल, त्यातून एम-८ बोल्ट फरशीच्या आरपार आणि खालून मोठ्या पट्टीचे वॉशर. नुसते स्क्रू प्लायमध्ये मारले तर ते घाटात सैल होतात. भोक पाडण्याआधी गाडीखाली शिरून डिझेल टाकी, ब्रेकची नळी, वायर कुठून जातात ते पाहा. वरून ४० मिमीचा रॅचेट पट्टा किंवा वाकवलेली पट्टी. असल्या ब्रॅकेटचं काम शिवाजी उद्यमनगरात मापाबरहुकूम करून मिळतं. फ्रिजच्या अंगात मात्र एकही भोक पाडायचं नाही. बाजूच्या पत्र्याआड आणि दरवाजाच्या चौकटीत फ्रिजच्या थंड करणाऱ्या वायूच्या नळ्या असू शकतात. एक स्क्रू आत गेला की फ्रिज संपला. मागच्या बारीक नळ्या एकमेकींना किंवा पत्र्याला घासत असतील तिथे रबरी नळीचा तुकडा चिरून चढवा. घरात वर्षानुवर्षं नुसती टेकलेली नळी गाडीच्या थरथरीने काही महिन्यांत झिजून फुटते.

दरवाजा नुसत्या चुंबकी गास्केटवर भरवशाचा नाही. करूळ घाटातल्या पहिल्या वळणालाच अंड्यांचा ट्रे फरशीवर येतो. कडी फर्निचरच्या चौकटीला बसवा आणि फ्रिजच्या बाजूचा तुकडा जाड फोमच्या चांगल्या दुहेरी टेपने चिकटवा, आधी स्पिरिटने पत्रा पुसून. टेप पूर्ण पकड घ्यायला एक दिवस द्या. आतल्या काचेच्या फळ्यांखाली फोम सरकवा. कॉम्प्रेसरवरचा पाण्याचा ट्रे चढावर सांडतो, त्यात स्पंज ठेवा किंवा त्याला ८ मिमीची नळी लावून फरशीखाली सोडा.

आता वीज. इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावंच लागतं. आमचा फ्रिज चालताना ७०-८० वॅट घेतो. थंडीत तो दिवसाच्या सुमारे ३५ टक्के वेळ चालतो, एप्रिल-मेमध्ये ६० टक्के. ८० वॅट धरले तर थंडीत ६७० वॅट-तास, उन्हाळ्यात ११५०. यात इन्व्हर्टरचा १० टक्के तोटा मिळवा. आणि बहुतेक लोक विसरतात ती गोष्ट: इन्व्हर्टर रिकामा असतानाही १०-१२ वॅट खातो, म्हणजे चोवीस तासांत २४० ते २९० वॅट-तास नुसते वाया. एकूण उन्हाळ्यात दिवसाला सुमारे १५५०, थंडीत १०३०. इन्व्हर्टरचा 'सर्च मोड' (भार नसताना त्याला झोपवणारा) वापरून ही गळती थांबवावी असं वाटतं, पण इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा बोर्ड सुरुवातीला इतका कमी भार दाखवतो की इन्व्हर्टर जागाच होत नाही आणि सकाळी फ्रिज कोमट सापडतो. तो मोड बंदच ठेवा.

१२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे २५६० वॅट-तास. ८५ टक्के वापरली तर २१७५. मेमध्ये उन्हाशिवाय एक दिवस आणि वर साडेनऊ तास. घरातली १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकायचा मोह होतो, पण तिचे १८०० वॅट-तास अर्धेच वापरायचे असतात, वजन ५०-६० किलो आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. झोपायच्या जागेत ती नकोच.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी वीज देणारा), १००० वॅटचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर गुणगुणतो, तापतो आणि बोर्ड जळण्याची भीती राहते. पूर्ण भारावर १२ व्होल्टच्या बाजूला ९० अँपिअरच्या आसपास करंट जातो, म्हणून २५ चौरस मिमी तांब्याची केबल, एका बाजूची लांबी दीड मीटरच्या आत, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा फ्यूज. २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि गाडीच्या सांगाड्याला अर्थिंग. साधा कॉम्प्रेसर आधीच घेतला असेल तर तीन-चार मिनिटांचा डिले टायमर लावा. बाहेरच्या विजेवरून इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर पुरवठा तुटतो, आतला दाब अजून उतरलेला नसतो, कॉम्प्रेसर अडकतो आणि त्याचा ओव्हरलोड स्विच पडतो.

छतावर ४०० वॅटची पॅनल आहेत. उन्हाळ्यात दिवसाला साधारण १४०० वॅट-तास येतात, खर्चाच्या थोडे खाली. बॅटरी दोन-तीन दिवस सहज ओढून नेते. पावसाळ्यात हवा गार म्हणून खर्च ११०० च्या आसपास, पण घाटमाथ्यावर पॅनल ३००-४०० च देतात. उरलेले सातशे इंजिनमधून घ्यावे लागतात. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (चालत्या इंजिनच्या विजेवर ही बॅटरी भरणारा) तासाला ३९० वॅट-तास देतो, म्हणजे रोज दोन तासांचा प्रवास. कोल्हापूर ते मालवण एवढी धाव असली की प्रश्नच नाही. एकाच जागी मुक्काम असेल तर तिसऱ्या दिवशी बाहेरची वीज शोधावी लागते.

निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज पूर्ण गार करून घ्यायचा आणि सामानही गारच भरायचं. कोमट दुधाच्या पिशव्या आणि मटण आत ठेवून निघालं तर पहिल्या दिवसाची बॅटरी त्यांनाच थंड करण्यात जाते. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम ठेवा. दुपारी ऊन असताना थर्मोस्टॅट जास्त थंडवर, रात्री एक आकडा कमी. बाटल्यांचा बर्फ रात्र काढतो.

मेमध्येही आतलं तापमान ४-५ अंशांवर राहतं. मालवणहून आणलेली सुरमई फ्रीजरमध्ये घट्ट गोठलेली घरी पोचते, हे जुन्या फ्रिजमध्ये कधी जमलं नव्हतं. उतारावर उभी गाडी असली तरी गारवा बिघडत नाही. मात्र फारच कललेली वाटली तर चाकाखाली फळी सारतो. खटकतं ते एकच, रात्रीचा आवाज. घरात ऐकूही न येणारा कॉम्प्रेसर झोपायच्या जागेपासून दीड मीटरवर असला की जाणवतो. खालचं रबर बदलून आणि कप्प्याच्या बाजूंना फेल्ट लावून तो बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी डोकं दुसऱ्या टोकाला येईल अशी बिछान्याची दिशा आधीच ठरवावी. वॉरंटीही गाडीतल्या वापराला सहसा लागू होत नाही, ते कार्ड नीट वाचून घ्या.

देखभाल फार नाही. मोठा घाट उतरून आल्यावर अँगलचे बोल्ट, कडीची टेप आणि बॅटरीच्या टर्मिनलचे नट हाताने तपासायचे. गळीत हंगाम संपला की मागच्या जाळीवरची काजळी मऊ ब्रशने झाडायची, व्हेंटची जाळी धुवायची. फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ साठायच्या आत डीफ्रॉस्ट करायचं, तेही घरी, गाडी सपाट उभी असताना. आणि शेगडी अजून गॅसवर असेल तर त्या पितळी डमी प्लगवर साबणाचं पाणी दर सिलेंडर बदलताना.